ओट्स आणि रेडिओचं गाव
आज अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सला नदीकाठी मनसोक्त हिंडलो. डाउनटाउनला लागूनच क्वेकर या ओट्स कंपनीची अवाढव्य गिरणी आहे. वारा तिकडून आला की रस्ताभर भाजलेल्या ओट्सचा वास! मक्यावर प्रक्रिया करणारे कारखानेही इथे आहेत.

पण मला भारावून टाकलं ते रेडिओने. आर्थर कॉलिन्सने १९३३ मध्ये इथेच कंपनी काढली आणि १९६९ ला आर्मस्ट्राँगचा आवाज चंद्रावरून आला तो कॉलिन्सच्याच यंत्रणेतून. शेतांनी वेढलेलं हे गाव, आणि काम केवढं!

जून २००८ च्या पुरात सीडर नदी ३१ फुटांवर गेली, डाउनटाउन बुडालं. चेक-स्लोव्हाक संग्रहालयाची तर अख्खी इमारत उचलून उंच जागी नेली. २०१२ ला ते पुन्हा उघडलं. पुढच्या खेपेला मुलांना नक्की दाखवणार.