रात्रीचं पाणी आणि जीपचे दिवे

डिसेंबर लागला की आमच्या शेतीच्या लाईनला मोटर चालवणारी थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की साडेअकराला उठायचं, कानटोपी घालायची आणि गव्हाला पाणी भरायला वावरात जायचं. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याकडून गोमाई नदीच्या अंगानं जाणारा आमचा रस्ता दोन किलोमीटर डांबरी, पुढे गाडवाट, मध्ये एक फरशी पूल, आणि शेवटी पाटचारीला धरून जेमतेम एक गाडी मावेल एवढी जागा. एका बाजूला चारी, दुसऱ्या बाजूला डोक्यापेक्षा उंच ऊस. तिथं दिवा हाच माणसाचा डोळा.

आमची जीप 1994 सालची एमएम 540. आबांनी ती जुनीच घेतली होती, तेव्हा मी शाळेत जायचो. प्यूजोचं डिझेल इंजिन अजून एका चावीत लागतं, फोर व्हीलचा गिअर अजून पडतो. दुखणं एकच, पुढचे दोन गोल सात इंची दिवे. 60/55 वॉटचा एच-फोर हॅलोजन बल्ब, पण उजेड मातीच्या रंगाचा. दोन वर्षांपूर्वी फरशीवर रानडुकरांचा कळप आडवा आला, तेव्हा पहिलं डुक्कर मला बोनेटपासून दहा-बारा फुटांवर दिसलं. मागे दोन मजूर बसलेले होते. ब्रेक लागला, गाडी तिरकी झाली, कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री पाणी भरताना माझं चित्त सरीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी जाऊन एलईडी बल्ब आणले. जुन्याच होल्डरमध्ये बसणारे, मागे छोटा पंखा असलेले. दहा मिनिटांत बसले. अंगणात लावून बघितले तर समोरची भिंत चुन्यासारखी पांढरी. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मलाही वाटलं, काम झालं.

काम बिघडलं होतं, हे आठ दिवसांनी कळलं. पहाटे तीनच्या सुमाराला मी वावरातून परत येत होतो आणि समोरून उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडे निघालेल्या. पहिल्या गाडीचे बैल जागच्या जागी थबकले, मग एक बैल बाजूला ओढायला लागला आणि गाडीचं चाक साईडपट्टीवरून खाली उतरलं. मी दिवे बंद करून धावलो. गाडीवान जू धरून उभा होता, दुसऱ्या हातानं डोळे चोळत होता. शिवी दिली नाही त्यानं. एवढंच म्हणाला, "भाऊ, तुन्ही गाडीना लाईट डोयामां घुसस. बैलस्ले काहीच दिखत नही."

आम्ही चौघांनी खांदा लावून चाक वर घेतलं. घरी आलो, पण झोप लागली नाही. मला दिसावं म्हणून मी दुसऱ्याला आंधळं केलं होतं. आणि खरं बोलायचं तर मलाही नीट दिसत नव्हतं. गाडीपुढची वीस फूट जमीन इतकी उजळायची की डोळ्यांची बाहुली लहान होऊन जायची आणि लांबचं आणखी काळं पडायचं.

आमच्या गावाकडच्या गाड्यांचं वायरिंग करणारे एक चाचा आहेत. पन्नास वर्षं याच धंद्यात. त्यांनी बल्ब काढून हातात घेतला, जुना हॅलोजनही मागितला आणि दोन्ही उन्हात शेजारी धरले. जुन्या बल्बमध्ये डिपरच्या, म्हणजे खाली झुकलेल्या झोताच्या, तारेखाली एक इवलीशी पत्र्याची वाटी असते. आयुष्यभर बल्ब बदलले, पण ती मी कधी निरखून पाहिलीच नव्हती. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून डिपर मारला की झोत एका रेषेच्या वर जात नाही. मागचा आरसा त्या बारीक तारेच्या नेमक्या जागेचा हिशोब धरून वळवलेला असतो. एलईडीच्या चिप असतात चपट्या पट्टीच्या दोन अंगांना. जागा केसभर चुकली तरी आरसा उजेड भलतीकडेच फेकतो. चाचा म्हणाले, "बेटा, बल्ब कमी नव्हता. तुझ्या गाडीत करंटच पोचत नाही. आधी ते बघू."

त्यांनी मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट. दिव्याच्या होल्डरवर 11.4. जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच गळत होते. तीस वर्षांची वायर, तिच्यातून सगळा करंट आधी स्विचला, मग डिपरला, मग दिव्याला. त्यात अर्थिंगचा स्क्रू गंजून तपकिरी झालेला. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज थोडं पडलं तरी उजेड फार पडतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं की साधारण तीस टक्के उजेड जातो. माझ्या हिशोबानं आमचे दिवे निम्म्यावरच जळत होते, आणि ते किती वर्षं, देव जाणे.

दोन रिले बसवले, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू करणारे स्विच; एक डिपरला, एक अप्परला, म्हणजे लांबच्या झोताला. बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर थेट रिलेच्या 30 नंबरच्या पिनला, 87 वरून दिव्याला, आणि जुन्या स्विचकडे फक्त रिले ओढण्यापुरता करंट. अर्थिंगची जागा पॉलिश पेपरनं पांढरी होईपर्यंत घासली. होल्डरवर 13.4 आलं. त्या संध्याकाळी जुनेच हॅलोजन लावले आणि मला हुंदका आवरला नाही, कारण आबा शेवटची काही वर्षं म्हणायचे की आता रात्री गाडी चालवायला दिसत नाही, डोळे गेले. मी त्यांना मोतीबिंदू तपासायला नेलं होतं. त्यांचे डोळे गेले असतीलही. पण वायर मी कधी तपासली नव्हती.

ज्याच्याकडे जुनी जीप, जुनी बोलेरो आहे त्याला माझं हेच सांगणं आहे की पैसे खर्च करायच्या आधी होल्डरवर मीटर लाव. आम्हाला रिले, वायर आणि चाचांची मजुरी धरून नऊशे रुपये लागले.

मग पुन्हा एलईडी कशाला घेतली? तर पाटचारीवरून गाडी पहिल्या गिअरमध्ये, जवळजवळ बंद पडेल अशा वेगात चालते. इंजिन हळू म्हणजे अल्टरनेटर हळू, आणि हॅलोजन तेव्हाच मंद होतो जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते. एलईडीच्या आत करंट एकसारखा ठेवणारं सर्किट असतं, व्होल्टेज खालीवर झालं तरी उजेड हलत नाही. दुसरं, गाडवाटेच्या दणक्यांनी हॅलोजनची तार तुटते, एका हंगामात माझे तीन बल्ब गेले होते. तिसरं, दोन्ही हॅलोजन मिळून दहा अँपिअरच्या आसपास घेतात, आणि थंडीत सकाळी बॅटरीची ताकद तशीही कमी असते.

पण या वेळी नुसता बल्ब नाही, पूर्ण दिवाच घेतला. काच, आरसा, चिप सगळं एकमेकांसाठी घडवलेलं, सात इंची गोल, जुन्या रिंगमध्ये बसणारं. दुकानदारानं पहिली जोडी काढली ती दिसायला फार देखणी होती. चाचांनी सांगून ठेवलं होतं म्हणून मी काच उन्हाकडे तिरकी करून बघितली. युरोपच्या नियमानं बनलेल्या दिव्यावर वर्तुळात ई अक्षर असतं, आणि डाव्या बाजूनं वाहतूक चालणाऱ्या देशासाठीचा दिवा असेल तर एक आडवा बाण असतो, आपण दिव्यासमोर उभं राहिलो की आपल्या उजवीकडे रोखलेला. म्हणजेच गाडीच्या डावीकडे. पहिल्या जोडीवर ई होतं, बाण नव्हता. तो दिवा उजवीकडून गाड्या चालणाऱ्या देशाचा. त्याच्या डिपरचा झोत उजवीकडे वर चढतो, आणि आपल्याकडे उजवीकडूनच समोरची गाडी येते. दुकानदाराला हे ठाऊक नव्हतं, त्याचा दोष नाही. बाणवाली जोडी दुसऱ्या फेरीत मिळाली, साडेसात हजारांना.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीत कंपनीच्या नोंदीबाहेरचे बदल करू देत नाही. म्हणून दिव्यावर मान्यतेची खूण असणं, झोत खाली असणं आणि टपावर उघडे लाईट बार न लावणं ही माझ्या लेखी हौसेची नाही, जबाबदारीची गोष्ट आहे.

दिवे बसवले त्याच संध्याकाळी घराच्या चुन्याच्या भिंतीसमोर बरोबर दहा मीटरवर जीप उभी केली. मागे युरियाच्या चार गोण्या ठेवल्या, 45 किलोची एक. कारण मागे वजन पडलं की पाटे बसतात आणि गाडीचं नाक वर उठतं. माझी जीप रात्री कधी रिकामी नसते, मग रिकाम्या गाडीवर दिवे लावून काय उपयोग? दिव्याचा मध्य जमिनीपासून 92 सेंटीमीटर भरला. भिंतीवर खडूनं 80 वर, म्हणजे दिव्यापेक्षा 12 सेंटीमीटर खाली, आडवी रेघ ओढली. मुलगी पेचकस घेऊन दिव्याजवळ बसली, मी भिंतीजवळ उभा राहून "खाली, अजून खाली, बास" म्हणत होतो. उजेडाची वरची कड भिंतीवर चाकूनं कापल्यासारखी उमटली होती. उजवीकडे सरळ, आणि डावीकडे थोडी वर चढणारी. ती चढ पायी चालणाऱ्यासाठी आणि बांधासाठी. आता चारीची कड मला उसाच्या शेवटच्या ताटापर्यंत दिसते.

जानेवारीत भाच्यांना घेऊन तोरणमाळला मुक्कामाला गेलो. म्हसावद, राणीपूर, मग सातपायरीचा घाट. वळणावर झोत दरीत जाण्याऐवजी रस्त्याला चिकटून राहिला, हे बघून बरं वाटलं. खरी परीक्षा सकाळी झाली. डाब, तोरणमाळ या भागात कडाक्याच्या थंडीत दव गोठतं. पाच वाजता उठून पाहिलं तर बोनेटवर मिठाची पूड सांडावी तसा पांढरा थर, दिव्यांच्या काचेवरही तोच. दिवे लावले, दहा मिनिटं झाली, थर तसाच. हॅलोजनची काच चांगली तापते, दव, बर्फ स्वतःच उतरवते. एलईडीची उष्णता मागच्या पंख्याकडे, फिन्सकडे जाते आणि पुढची काच गार राहते. बर्फाच्या देशांत यासाठी काच तापवणारे दिवेही मिळतात. मी उपरण्यानं पुसले. आपल्या सपाटीवर बर्फ नाही, पण दव आणि धूळ मिळून काचेवर चिखलाची पातळ साय धरते, ती आता आपोआप सुकून झडत नाही. निघताना रोज पुसावी लागते. उपरणं आता गाडीतच असतं.

एकदा प्रकाशा गावाजवळच्या पुलावर तापीचं धुकं लागलं. पुढच्या गाड्या अप्पर लावून चाललेल्या, समोर नुसती दुधाची भिंत. धुक्यात पिवळाच लाईट पाहिजे असं आपल्याकडे जो तो सांगतो. मी दोन्ही वापरून बघितले आहेत. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते पांढरा, पिवळा सगळाच उजेड सारखा उधळतात. पिवळ्यानं डोळ्यांना त्रास कमी वाटतो, एवढं मात्र खरं. उपयोग होतो तो उजेड खाली ठेवण्याचा. डिपर मारायचा, वेग कमी करायचा आणि रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी धरायची. पट्टी नसेल तर थांबायचं.

आणि तरीसुद्धा, फेब्रुवारीच्या एका रात्री उसाची भरलेली ट्रॉली मला पन्नास-साठ फुटांवर आल्यावर दिसली. टेललाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, मागून उसाच्या पाचटीचा नुसता काळपट ढीग. दिवा चांगला होता, पण परत पाठवायला तिथं काहीच नव्हतं. ब्रेक वेळेवर लागला. हात बराच वेळ थरथरत होते. दर हंगामात आमच्या रस्त्यावर कुणाचा तरी पोरगा अशा ट्रॉलीखाली जातो. त्यावर बैठका होतात, फोटो छापून येतात, आणि पुढच्या हंगामात ट्रॉल्या तशाच निघतात. मला याचा फार राग आहे.

दुसऱ्या दिवशी लाल रिफ्लेक्टर पट्टीचा पंचवीस मीटरचा रोल आणला. आधी आमच्या ट्रॉलीला, मग शेजारच्या दोघांच्या. ही पट्टी उजेड जिथून येतो तिथंच परत पाठवते, त्यामुळे माझ्या खाली बांधलेल्या झोतातही ती दोन-अडीचशे फुटांवरून पेटल्यासारखी दिसते.

गेल्या आठवड्यात तोच गाडीवान भेटला, पहाटे, टोळीसोबत. मी लांबूनच डिपर मारून बाजूला थांबलो होतो. त्याचे बैल न बिचकता चालत आले. मी त्याला थांबवून गाडीच्या मागच्या आडव्या लाकडावर दोन पट्ट्या लावून दिल्या, लाकूड दवानं ओलं होतं म्हणून आधी उपरण्यानं पुसून घेतलं. मागच्या गाडीवानानं विचारलं, मना गाडीले बी लावशी का? सहा गाड्या होत्या. सहाही गाड्यांना लावल्या. रोलमध्ये अजून सात-आठ मीटर शिल्लक आहे, तो कात्रीसकट जीपच्या कप्प्यात ठेवला आहे.