पेलेट-नोंदी : दोन काँडाइलांचा तिढा सुटला

मागच्या नोंदीत घुबडाच्या पेलेटातून, म्हणजे न पचलेल्या हाडा-केसांच्या ओकून टाकलेल्या गोळ्यातून, निघालेल्या कवटीच्या ज्या मागच्या तुकड्याचे छायाचित्र दिले होते, तो कोणत्या वर्गातल्या प्राण्याचा आहे हे अखेर ठरले आहे. ‘उंदराचे पिल्लू’ असा ठाम कौल देणाऱ्या मित्रांची आधीच क्षमा मागतो.

पडक्या वाड्यातल्या गव्हाणी घुबडाच्या जोडीच्या या खेपेच्या पेलेटांत नेहमीप्रमाणे उंदीर आणि चिचुंद्र्याच अधिक निघाल्या. त्यांच्यावर फार वेळ जात नाही, कारण सस्तन प्राण्याच्या खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची असते. पुढे पटाशीसारखे दात, मग मोकळी जागा आणि मग दाढा असतील तर उंदीर. मोकळ्या जागेशिवाय टोकदार दातांची सलग रांग असेल तर चिचुंद्री. सरड्याचा किंवा पक्ष्याचा जबडा मात्र अनेक हाडांच्या जोडणीतून बनतो. सस्तन प्राण्यांत जबड्याच्या जुन्या सांध्याची दोन हाडे कानात जाऊन हातोडी आणि ऐरण झाली, ही जोडी जर्मन शरीररचनातज्ज्ञ राइखर्ट यांनी 1837 मध्ये भ्रूणांच्या अभ्यासातून लावून दाखवली. चिचुंद्रीचा जबडा हातात घेताना ही गोष्ट मला अजूनही दर वेळी आठवते.

वादातल्या तुकड्याला मात्र जबडाच नव्हता. शेंगदाण्याच्या पाकळीएवढा तो तुकडा, त्यावर मानेच्या पहिल्या मणक्याशी जुळणारे दोन काँडाइल, म्हणजे हाडाचे गोलसर उंचवटे, आणि मधल्या महारंध्रात (मज्जारज्जू कवटीबाहेर पडतो त्या छिद्रात) उंदराचे केस गच्च बसलेले. काँडाइल एक असता, तर सरीसृप किंवा पक्षी म्हणून प्रश्न निम्मा झाला असता. दोन असल्यामुळे सस्तन आणि उभयचर हे दोनच पर्याय उरत होते, पण नेमके त्या दोघांमध्येच अडायला झाले. केसांवरून काही ठरत नाही, कारण घुबड एकाच रात्रीत खाल्लेले सगळे एकाच गोळ्यात गुंडाळून टाकते.

तुकडा कोमट पाण्यात भिजवून केस एकेक करून काढले, तेव्हा महारंध्राच्या खाली आणि वर हाडच नसल्याचे दिसले. सस्तन प्राण्यात या रंध्राभोवती चार हाडे असतात, दोन बाजूंना, एक तळाशी आणि एक माथ्यावर. आजच्या उभयचरांत फक्त बाजूची दोन हाडे बनतात आणि तळ व माथा कूर्चेचाच राहतो. एवढ्यावर निकाल देण्याचा मोह होता, परंतु उंदराच्या पिल्लात ही चार हाडे एकमेकांना जुळलेली नसतात, आणि तळाचे व माथ्याचे हाड गळून गेले असण्याची शक्यता उरतेच. कौल देणाऱ्यांचा मुद्दाही हाच होता आणि तो चुकीचा नव्हता.

तिढा सुटला तो कानाजवळच्या भागामुळे. काँडाइलाचे हाड आणि त्यापुढचे कानाभोवतीचे हाड इतके एकजीव झाले होते की भिंगाखालीही शिवण दिसेना. म्हणजे प्राणी पूर्ण वाढलेला होता. आणि पूर्ण वाढलेल्या उंदराचा तळ व माथाही याच घट्टपणे जोडलेला राहिला असता. त्यानंतर त्याच पेलेटाचा चाळणीत उरलेला गाळ पुन्हा पाहिला, तर त्यात युरोस्टाइल (बेडकाच्या कण्याच्या शेवटचे काठीसारखे हाड) आणि मागच्या पायाचे टिबियोफिब्युला, म्हणजे नडगीची टिबिया व फिब्युला ही दोन हाडे जुळून झालेले हाड, मिळाले. उंदरातही ही दोन हाडे जुळतात, पण फक्त खालच्या भागात. येथे ती वरपासून खालपर्यंत एक झालेली होती आणि मोडलेल्या टोकाशी दोन पोकळ्या शेजारी-शेजारी स्पष्ट दिसत होत्या. त्याच गाळातल्या वरच्या जबड्याच्या तुकड्यावर बारीक दातही आहेत, त्यामुळे बिनदाती भेक (टोड) बाद होतो. प्राणी बेडूकच.

साधनांबद्दल थोडे. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातला महागडा चिमटा बाजूला ठेवून मी आता घड्याळ दुरुस्तीचा बारीक टोकाचा चिमटा वापरतो, आणि संगणकाला जोडायच्या स्वस्त सूक्ष्मदर्शकापेक्षा दहापट भिंग व तिरपा प्रकाश कितीतरी भरवशाचा वाटतो. कपडे धुण्याचे ब्लीच हाडांना लावू नका. हाड भुसभुशीत होते आणि शिवणी, ज्यांच्यावर सारे अवलंबून असते, त्याच पुसट होतात. मुखपट्टी आणि हातमोजे अर्थातच हवेत.

पृष्ठवंशी वर्गांचा जो फलक मी करतो आहे, त्यात वर्गवार पाच रकाने ठरवले होते. हे लिहितानाच तो बेत बदलतो आहे. रकाने अवयवांचे ठेवावेत: कवटीची मागची बाजू, खालचा जबडा, कमरेचा भाग, मागचा पाय. बेडकाचा आणि उंदराचा दुहेरी काँडाइल शेजारी आले, तरच एका खुणेवर वर्ग ठरवता येत नाही हे पाहणाऱ्याला कळेल. आणि अशा मांडणीत पक्ष्याचा एकेरी काँडाइल आपोआप सरीसृपांच्या रांगेत बसतो, ते योग्यच आहे. मगर सरड्यापेक्षा पक्ष्याच्या अधिक जवळची नातलग आहे.

माशांची जागा घुबडाच्या भरवशावर भरणार नाही, म्हणून बाजारातल्या बांगड्याचे डोके उकळून त्याची हाडे सुटी करणार आहे. कल्ल्यांवरचे झाकण सलग काढायची एखादी खात्रीची रीत कोणाकडे असेल, तर त्याआधी कळवावी. पक्ष्यांपैकी चिमणीएवढ्या एकाचे सिनसॅक्रम (कमरेचे मणके जुळून झालेले हाड) शाबूत मिळाले आहे. त्याच्या छातीच्या हाडाची उभी कड मात्र मोडलेली आहे, ती पातळ केलेल्या फेविकॉलने जोडून पुढच्या नोंदीत दाखवतो.