देवगडच्या नऊ फेऱ्या आणि एक चिऱ्याचं घर

ठाण्याहून देवगडला आम्ही पावणेदोन वर्षांत नऊ फेऱ्या मारल्या. त्यातल्या चार जवळजवळ फुकट गेल्या. घर उभं राहिलं ते उरलेल्या पाचांवर. गावाला घर बांधायला काढलेल्यांनी त्या पाच कधी कराव्यात, यासाठी हे लिहितेय.

पहिली फेरी गणपतीतली. आमच्या सातबाऱ्यावर आमच्याखेरीज अकरा नावं. कोणी बोरिवलीला, कोणी बडोद्याला. एरवी या सगळ्यांना एका जागी आणायचं म्हणजे लग्नच काढावं लागतं, पण गणपतीला सगळे आपणहून येतात. संमतीपत्रांचे कागद आधीच टाइप करून नेले होते. दुसऱ्या दिवशी आरती झाली, मोदक वाढले आणि हात धुवायच्या आत सह्या घेतल्या. ग्रामपंचायत, बिनशेती, नकाशा हे आमचं पुढचं सगळं या सह्यांवरच अडून होतं. गाडीचं आरक्षण मात्र उघडतं त्या सकाळीच करा. नोव्हेंबर २०२४ पासून ते १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात.

दुसरी फेरी मे महिन्यात, चिरेखाणीची. चिरे म्हणजे भिंतींसाठी कापलेले जांभ्याचे चौकोनी दगड. ती कधीच चुकवू नका. रात्रीची कोकणकन्या पकडून सकाळी कणकवलीला उतरलो, उसळपाव खाल्ला आणि देवगडची एसटी धरली. मेस्त्री वाटेतच आम्हाला घ्यायला उभे. खाण म्हणजे डोंगराच्या सड्यात, माथ्यावरच्या सपाट कातळात, कापत नेलेला लाल हौद. खाली यंत्राचं गोल पातं रुळावरून फिरतं आणि जमिनीतून थेट चौकोनी चिरे सुटे होतात. धूळ इतकी, की संध्याकाळी आरशात पाहिलं तर पापण्यासुद्धा लाल.

मेस्त्री प्रत्येक थप्पीतला एखादा चिरा हातोडीच्या दांड्यानं ठोकत होते. चांगला चिरा टणटणतो, कच्चा धप्प वाजतो. रंग गडद तांबडा हवा. भोकांमध्ये पांढरी माती भरलेली दिसली तर तो चिरा नको, पावसात ती माती धुऊन जाते. हे शहाणपण आम्हाला उशिरा आलं, कारण पहिला ट्रक आम्ही ठाण्यात बसून फोनवरच मागवला होता. त्यातले निम्मे चिरे पांढऱ्या मातीचे निघाले. ते गडग्याला, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणाला लावले. गडगा मात्र गावात सगळ्यांत दणकट झालाय!

मेमध्येच चिरे का घ्यायचे? जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होत जातो. बांधकामाआधी निदान तीन महिने तो उघड्यावर राहायला हवा. आमचे चिरे अख्खा पावसाळा अंगणात भिजले, सुकले आणि दिवाळीनंतर कामाला लागले.

तिसरी फेरी आखणीची. दिवाळी झाली की लगेच तारीख ठरवू नका. भातकापणी आणि झोडणी आटपेपर्यंत बिगारी मिळत नाहीत. फक्कीनं, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं, जमिनीवर खोल्या आखल्या, दोरी ताणली आणि सासूबाई म्हणाल्या, "माझी खाट आणा." जुन्या घरातली खाट दोघांनी उचलून आखलेल्या खोलीत, उघड्या आकाशाखाली ठेवली. त्या आडव्या झाल्या, उजवीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दार उघडलं की माझ्या डोक्यावर." खरंच होतं ते. मेस्त्रींनी पायानं फक्की पुसली आणि दार दीड फूट सरकवलं. नकाशावर सहा महिने बघून आमच्या कोणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. तेव्हा खाट, कपाट, जेवणाचं टेबल, जे काही घरात जाणार आहे ते आखणीच्या दिवशी जागेवर ठेवून बघा. फक्की पुसायला पैसे लागत नाहीत.

जोत्याची फेरी जानेवारीतली. भराव पूर्ण होऊन लादीखालचं काँक्रीट पडायच्या आधी जा, म्हणजे वाळवीचं औषध मारताना आणि पाइप टाकताना समोर असाल. वाळू ब्रासनं येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा ट्रकचा हौदा टेपनं मोजा. मेस्त्रींनी तर चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून पाहिली. खाडीची खारट वाळू आली तर आतली सळई गंजते. पैसे टप्प्याटप्प्यानं दिले: जोता, भिंती, छप्पर. त्यामुळे एकदाही वाद झाला नाही.

फुकट गेलेल्या फेऱ्यांपैकी एक महाशिवरात्रीची. साइटवर चिटपाखरू नाही, मेस्त्रींसकट सगळे कुणकेश्वरच्या जत्रेत. मग आम्हीही गेलो आणि खाजं घेऊन परत आलो. दुसरी शिमग्यातली, तिथंही तेच. बाकी दोन नुसत्या हौसेच्या.

पाचवी फेरी कौलांची, आणि तिच्यातच जीव टांगणीला लागला. एप्रिल-मेमध्ये निम्मी माणसं आंबे काढायला कलमांत गेलेली असतात. भिंती दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरून तयार, लोखंडी पाइपांचा सांगाडा चढलेला, आणि वर फक्त आकाश. ७ जूनच्या आसपास पाऊस येणार. मी रोज फोन करायची. मेस्त्री एकदा म्हणाले, "वैनी, पाऊस येवच्या आदी कौलां चढतली. तुमी जेवान करून घेवा." शेवटच्या आठवड्यात पहाटे सहापासून चार माणसं लावून त्यांनी शब्द पाळला. मंगळूरी कौलं १०० चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात. आम्ही घरच्या मापाला मोजून वर थोडी जास्तच आणली होती. खालून वर माणसांची साखळी करून कौलं फेकत-झेलत नेली, आणि त्यात आमचा बारावीतला मुलगाही होता. त्याच्या हातून तीन फुटली.

पहिला मोठा पाऊस आम्ही पडवीत बसून पाहिला. पागोळ्या जोत्याच्या बाहेर पडताहेत का, हे सासूबाई वाकून वाकून बघत होत्या. पडत होत्या. स्वयंपाकघरात एका जागी टपटप सुरू झाली, तेव्हा मेस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, कौल सरकलंय, आतून काठीनं वर ढकला. ढकललं आणि थांबलं.

पडवीच्या कोपऱ्यात आता साठ कौलं रचलेली आहेत. तुम्हीही ठेवा, आणि त्याच खेपेतली ठेवा, कारण दुसऱ्या कारखान्याचं कौल आपल्या खाचेत नीट बसेलच असं नाही. वानरं आठवड्यातून एकदा तरी छपरावरून जातात.