‘अॅ’मधलं टिंबांचं वर्तुळ

फॉन्ट बदला, कॅश साफ करा, ब्राउझर अपडेट करा. क्रोममध्ये मराठी पान विचित्र दिसतंय म्हटलं की ही तीन उत्तरं ठरलेली. सदाशिव पेठेतल्या एका संस्थेची जुनी स्मरणिका वेबवर चढवताना मी तिन्ही ऐकली, तिन्ही करून पाहिली. ‘अॅडमिशन’मधल्या अ आणि चंद्राच्या मध्ये बसलेलं टिंबाटिंबांचं वर्तुळ जागचं हललं नाही. होस्टिंगवाल्यांचा सपोर्ट चौथ्या ईमेललाही कॅशच साफ करायला सांगत होता! म्हणून आधी हेच सांगतो: अक्षराऐवजी रिकामा चौकोन दिसला तर दोष फॉन्टचा, टिंबांचं वर्तुळ दिसलं तर दोष मजकुराचा. वर्तुळासाठी फॉन्ट बदलत बसू नका.

वर्तुळ का येतं? युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ॲ हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक ०९७२. ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. पण अ (०९०५) लिहून त्यावर चंद्र (०९४५) ठेवला तरी कागदावर तेच दिसतं, आणि ‘अशी जोडी वापरू नका’ असं युनिकोड स्पष्ट सांगतं. डेस्कटॉपवरचे क्रोम आणि फायरफॉक्स अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरतात. ही जोडी दिसली की हार्फबझ मुद्दाम मध्ये वर्तुळ घालतं, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळत नाहीत. थोडक्यात, ब्राउझर बिघडलेला नाही, तो तुमची चूक दाखवतोय. कदाचित याच ओळींत तुम्हाला दिसेल: अॅप आणि ॲप.

आमच्यासारख्या मजकुरात ही जोडी शिरते जुन्या फॉन्टांतलं लिखाण युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून. युनिकोडपूर्व फॉन्टात अ वेगळा खिळा, चंद्र वेगळा खिळा. कन्व्हर्टर खिळ्यामागे खिळा बदलत जातो, दोन मिळून एक स्वर होतो याचा त्याला पत्ता नसतो. त्यामुळे फक्त ‘अॅ’ शोधून थांबू नका. अॉ, अो, अौ, अा याही जोड्या तशाच येतात. त्यांच्या जागी ऑ, ओ, औ, आ हवेत. आमच्या मजकुरात ‘अॉफिस’ ढिगानं होतं, ‘अोळख’ही निघाली.

खात्री करायला कसलंही साधन लागत नाही. शब्द लिहायच्या चौकटीत चिकटवा, कर्सर त्या स्वराच्या लगेच उजवीकडे ठेवा आणि बॅकस्पेस एकदा दाबा. सगळं अक्षर गेलं तर ते खरं ॲ. चंद्र जाऊन अ उरला तर जोडी. वर्डमध्ये त्याच जागी ऑल्ट आणि एक्स दाबलं तर थेट क्रमांकच दिसतो. उलटही चालतं: ०९७२ टाइप करून ऑल्ट-एक्स दाबलं की ॲ उमटतो (आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डचे). हिंदी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-१ला जो ऍ येतो तो आपला ॲ नव्हे, बदली करताना तो घुसवू नका.

मग साधं फाइंड-रिप्लेस, पाच जोड्या, पाच वेळा. नॉर्मलायझेशननं (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं आपोआप एकसारखी करणं) होईल असं एका प्रोग्रामरनं छातीठोकपणे सांगितलं होतं. होत नाही! युनिकोडनं ॲ आणि ती जोडी समतुल्य धरलेलीच नाहीत, त्यामुळे बदली हातानंच करावी लागते. ती मूळ मजकुरात करा, पानावर स्क्रिप्ट लावून झाकू नका.

हे झाल्यावर बाकीचं किरकोळ वाटलं. एक मात्र किरकोळ नाही. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ वेबवर ‘सह्याद्रीच्या दर्या’ झाल्या होत्या, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. कन्व्हर्टरनं साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडकारक (झेडडब्ल्यूजे) घातला होता, आणि वेबसाइटच्या एडिटरनं न दिसणारं म्हणून तो पुसला. ऱ (०९३१) आणि हलन्त वापरा, पुसण्यासारखं काही उरत नाही.

एकाच ओळीत एखादं अक्षर जाड किंवा वेगळ्या वळणाचं दिसलं, तर मात्र फॉन्टकडे वळा. क्रोममध्ये शब्दावर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, कम्प्युटेड, आणि अगदी तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’. तिथे दोन नावं दिसली तर पहिल्या फॉन्टात ते अक्षरच नाही, ब्राउझरनं ते दुसरीकडून उसनं आणलंय. जुन्या फॉन्टांत ॲचं हमखास असं होतं. फायरफॉक्समध्ये यासाठी फॉन्ट्सचा वेगळा टॅब आहे.

शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटत असेल तर सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलीत) लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं वाढीव अंतर, शोधा आणि शून्य करा. इंग्रजी शीर्षकांना शोभतं म्हणून डिझायनर ते सगळीकडे लावून ठेवतात. वेलांट्या-रफार वरून कापले जात असतील तर लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, वाढवा. ल आणि श हिंदी वळणाचे येत असतील तर पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवा. नोटो सान्स देवनागरीत मराठी रूपं आहेत, पण भाषा सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत.

शोधाची चौकट राहिलीच. वाचकाच्या कीबोर्डवरून ‘अॅ’ची जोडी येऊ शकते, आणि मजकूर शुद्ध केल्यावर तिला एकही निकाल मिळणार नाही. त्याच पाच बदल्या शोधशब्दावरही चालवा.