तुम्ही विचारलंत म्हणून: टिकलीच्या दोन बाजूंच्या रेषा

तपासणी संपत आली की खुर्ची थोडी पुढे ओढून, आवाज एक पट्टी खाली आणून विचारला जाणारा एक प्रश्न ठरलेला असतो: “डॉक्टर, खरं सांगा, तुम्ही स्वतः ही सुरकुत्यांची इंजेक्शनं घेतली आहेत का?” पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला लग्नघरातल्या वधूमायांनी विचारला आहे, निवृत्तीला आलेल्या शिक्षिकांनी विचारला आहे, आणि अलीकडे दिवसभर कॅमेऱ्यासमोर मीटिंगा करून स्वतःचेच कपाळ पाहण्याला कंटाळलेल्या पुरुषांनीही विचारला आहे. त्यात मला आगाऊपणा वाटत नाही. ज्या खाणावळीचा मालक घरून डबा आणतो, तिथे जेवावे की नाही हे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला असतोच.

उत्तर होय असे आहे. मात्र घेतले ते एकाच प्रकारचे इंजेक्शन, तेही एकाच जागी, सहा वर्षांत पाच वेळा. ती जागा म्हणजे दोन भुवयांच्या मधली, टिकली लावतो तिथली. माझ्या आईला तिथे दोन उभ्या रेषा आहेत, मावशीला आहेत, आणि चाळिशी ओलांडल्यावर त्या माझ्याही कपाळावर येऊन बसल्या. पेशंटचा अहवाल वाचताना मी कपाळाला आठ्या घालते, आणि समोरच्या माणसाला वाटते की त्याच्या अहवालात काहीतरी वाईट निघाले आहे. एका पेशंटने घाबरून तसे विचारलेही. मला खटकत होते ते हे. वय दिसण्याचे मला फारसे वाटत नव्हते.

इथे आपल्या भाषेने एक भेद आधीच करून ठेवला आहे, आणि मी तो रोज वापरते. मराठीत माणूस आठी घालतो, पण सुरकुती पडते. घातलेली आठी हे स्नायूचे काम आहे: भुवयांना आत ओढणारा एक स्नायू आणि नाकाच्या मुळाशी खाली खेचणारा दुसरा, हे आकसले की वरची त्वचा घडी पडल्यासारखी दुमडते. पडलेली सुरकुती मात्र चेहरा शांत असतानाही दिसते. तिच्यामागे ऊन, धूम्रपान, त्वचेला घट्ट ठेवणारे पण कमी झालेले कोलॅजन हे प्रथिन, खाली सरकलेली चरबी आणि झिजत जाणारे हाडदेखील असते. बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे लोक ज्याला सरसकट बोटॉक्स म्हणतात ते औषध, जे आपण घालतो त्यावर चालते. जे पडले आहे त्यावर त्याचा उपयोग मर्यादित असतो. म्हणूनच मी आधी पेशंटच्या हातात आरसा देते आणि रागवायला सांगते, मग चेहरा सैल सोडायला सांगते. दोन्ही वेळा रेषा सारखीच खोल दिसली, तर त्या इंजेक्शनाकडून फार अपेक्षा ठेवू नका असे सांगावे लागते.

हे औषध मुळात विष आहे, ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जर्मनीत 1820 च्या सुमारास युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने बिघडलेले सॉसेज खाऊन दगावणाऱ्या माणसांच्या लक्षणांची बारकाईने नोंद केली, आणि स्नायू लुळे करणारे हेच द्रव्य अगदी थोड्या प्रमाणात औषध म्हणून वापरता येईल असेही त्याने सुचवले. ते प्रत्यक्षात यायला दीडशे वर्षे गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञांनी तिरळेपणासाठी ते वापरले, आणि 1989 मध्ये अमेरिकेत तिरळेपणा व पापण्यांचे अनावर मिटणे यांसाठी त्याला मान्यता मिळाली. सुरकुत्यांचा शोध अपघाताने लागला. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात जीन कॅरदर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्यांसाठी हे इंजेक्शन देत असताना, भुवयांमध्ये सुई टोचली की चेहरा निवांत दिसतो, हे एका पेशंटनेच त्यांच्या लक्षात आणून दिले. जीनबाईंचे पती अ‍ॅलेस्टर हे त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी आपल्याच दवाखान्यातल्या स्वागतिकेवर प्रयोग केला, 1992 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि 2002 मध्ये भुवयांमधल्या रेषांसाठी अमेरिकेची मान्यता आली. जीनबाईंनी स्वतःही ते इंजेक्शन घेतले होते, तेव्हा तुम्ही मला विचारता तो प्रश्न त्यांच्यापुरता पहिल्याच दिवशी निकालात निघाला होता.

काम कसे होते, तेही थोडक्यात सांगते. मेंदूचा निरोप मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाच्या रूपाने स्नायूला मिळतो. हे औषध त्या रसायनाला बाहेर पडू देत नाही. निरोप न मिळाल्यामुळे स्नायू स्वस्थ बसतो. परिणाम दोन-तीन दिवसांनी जाणवू लागतो, पुरता दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि तीन ते चार महिन्यांत तंतूचे काम पूर्ववत होऊन आठी परत येते. भुवयांमधल्या जागेसाठी ठरलेली मात्रा पाच ठिकाणी मिळून 20 युनिट एवढी असते. एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढे नसते, म्हणून “तिकडे स्वस्तात जास्त युनिटं देतात” या वाक्यावर काहीच ठरवता येत नाही.

आता माझ्या फसलेल्या खेपेबद्दल, कारण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. तिसऱ्या वेळी, एका अनुभवी मैत्रिणीच्याच हातून, औषधाचा अंश खाली उतरून डाव्या डोळ्याची पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचला. पाचव्या दिवशी सकाळी आरशात डावा डोळा अर्धा मिटलेला दिसला. हा त्रास तात्पुरता असतो हे मी शेकडो जणांना सांगितले होते. पण ते स्वतःला सांगताना शब्द फारच तोकडे पडतात. पापणीतला दुसरा, लहान स्नायू आवळून ती मिलिमीटरभर वर उचलणारे थेंब घालून मी पाच आठवडे काढले. रोज पेशंट तपासत होते आणि प्रत्येकजण आधी माझीच विचारपूस करत होता. एका आजींनी लिंबाने दृष्ट काढायचा सल्ला दिला. मी कोणालाही खोटे कारण सांगितले नाही, आणि गंमत अशी, की त्या पाच आठवड्यांत हे इंजेक्शन मागायला आलेल्यांपैकी निम्मे जण विचार करून येतो म्हणून परत गेले. त्यात माझा तोटा झाला असला, तरी ते मला योग्यच वाटले.

तेव्हापासून मी लग्नाच्या तारखेआधी किमान महिनाभर तरी हवा, हा नियम कोणाच्याही आर्जवाने मोडत नाही. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना, तसेच मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असलेल्यांना हे इंजेक्शन देतच नाही. दिल्यानंतर चार तास आडवे होऊ नका आणि ती जागा चोळू नका असे सांगते. त्या दिवशी टिकलीही दाबून बसवू नका, हे माझ्या पेशंटना वेगळे सांगावे लागते.

दुसरा प्रश्न लगेच येतो तो फिलरचा: “आणि गालात भरतात ते?” ते मी घेतलेले नाही. फिलर हे वेगळेच द्रव्य असते. बहुतेक वेळा हायलुरॉनिक अ‍ॅसिडची जेल, जी बसलेल्या गालफडांना किंवा नाकापासून ओठांपर्यंतच्या घळींना आतून आधार देते आणि सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत टिकते. मी ती पेशंटना देते, आणि योग्य चेहऱ्यावर ती फार सुरेख काम करते. परंतु जेल चुकून रक्तवाहिनीत गेली, तर त्या वाहिनीवर जगणारी त्वचा काळी पडून मरू शकते, आणि नाक व भुवयांच्या भागातल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांशी जोडलेल्या असल्यामुळे क्वचित, अगदी क्वचित, दृष्टीही जाते. हायलुरॉनिडेज हे विकर टोचून ही जेल विरघळवता येते, म्हणून ते औषध ज्या दवाखान्यात हाताशी नाही तिथे फिलर घेऊ नये, हे मी बजावून सांगते. ब्यूटी पार्लरमध्ये, वाढदिवसाच्या पार्टीत किंवा सवलतीच्या कुपनावर तर मुळीच नाही. कुपी तुमच्यासमोर उघडली जावी, तिच्यावरचा बॅच क्रमांक तुमच्या कागदावर लिहिला जावा, एवढे मागताना संकोच करू नका.

मी फिलर न घेण्याचे कारण भीती हे नाही. माझे गाल उतरले आहेत हे मला दिसते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्वचेतले कोलॅजन झपाट्याने कमी होते हे मी शिकले आहे आणि आता अनुभवतेही आहे. फक्त ते मला खटकत नाही. जे खटकत नाही त्यावर सुई कशाला, एवढाच माझा हिशेब आहे.

शिवाय आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेची एक गोष्ट जाहिरातींत सांगितली जात नाही. त्वचेतल्या मेलॅनिनमुळे बारीक सुरकुत्या आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या मानाने उशिरा येतात; आपले वय आधी दिसते ते वांगाच्या डागांतून, डोळ्यांखालच्या काळेपणातून आणि रंग असमान होण्यातून. त्यावर टॉक्सिन काही करत नाही. अशा कितीतरी जणींना मी इंजेक्शनाविना सनस्क्रीन, रात्री लावायचे ट्रेटिनॉइनचे मलम आणि सहा महिन्यांचा धीर एवढेच देऊन पाठवते, आणि त्या काहीशा नाराज होऊन जातात, कारण सुई टोचून घेण्याची तयारी करून आलेल्या माणसाला मलमाची नळी अपुरी वाटते. रंग उजळण्यासाठी ग्लुटाथिओन शिरेतून द्या म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते.

शेवटचे इंजेक्शन घेऊन मला आता आठ महिने झाले. दोन्ही रेषा परतल्या आहेत, डावी थोडी अधिक. सहावी खेप घ्यायची की नाही हे मी अजून ठरवलेले नाही. सध्या अहवाल वाचण्याआधीच मी पेशंटला सांगून टाकते, की माझ्या कपाळाकडे पाहू नका, माझा चष्म्याचा नंबर बदलला आहे. तो खरोखरच बदलला होता. नवा चष्मा आल्यापासून आठ्या कमी पडतात असे आई म्हणते.