वीणा खाली ठेवायची नाही

लिहिणाऱ्या माणसाचा थकवा झोपेनं जात नाही. दहा तास झोपून उठलं तरी कोरं पान पाहिलं की अंग जड होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. लेखकाला सगळ्यात जास्त पोखरतो तो दुरावा. शब्द सुचत असतात, पण ते लिहावेसे वाटत नाहीत.

आळंदी ते पंढरपूर चालताना माझी एक गोष्ट पक्की झाली. हा थकवा शब्दांचा कमी आणि निर्णयांचा जास्त असतो. कुठून सुरुवात करू, हे ठेवू की काढू, आज थांबू की आणखी एक पान ओढू, असे दिवसाला शेकडो निर्णय लेखक एकटा घेतो. वारीत यातलं काहीच आपल्या हातात राहत नाही. कधी उठायचं, कुठे थांबायचं, कोणता अभंग म्हणायचा, सगळं ठरलेलं असतं. काकडा, भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ, हा क्रम भजनी मालिकेचा. आज मूड नाही म्हणून कुणी गौळण गाळत नाही. पहिले तीन-चार दिवस याचा त्रास होतो. मग कधीतरी डोक्यातली बडबड थांबते आणि शेजारच्या टाळकऱ्याचा आवाज ऐकू यायला लागतो. प्रेरणा म्हणतात तिचा माझ्या लेखी एवढाच अर्थ आहे: पुन्हा ऐकू येऊ लागणं.

म्हणून एकट्यानं, मोकळं चालण्यापेक्षा दिंडीतच चालावं. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की जेवणाची आणि राहुटीत झोपायची सोय होते, मोठं सामान दिंडीच्या ट्रकमधून पुढे जातं. सोबतच्या पिशवीत पाणी, रेनकोट किंवा प्लास्टिकचा कागद, जास्तीचे मोजे, ओआरएसची दोन पाकिटं आणि पातळशी वही एवढंच हवं. तीन किलोच्या वर गेलात की चौथ्या दिवशी खांदा बोलतो. वही प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवायची. पेन साधं बॉलपेन, किंवा पेन्सिल. जेलची शाई पहिल्याच सरीत पसरते.

पायांचं शास्त्र वेगळं आहे. नवे बूट घालून निघणं ही सगळ्यात मोठी चूक. निदान दोन महिने वापरलेले, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असलेले बूट हवेत, कारण दिवसभर चालून पाय सुजतात. फोड नुसत्या चालण्यानं येत नाहीत. ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते आणि वर घर्षण होतं, तेव्हा येतात. त्यामुळे दर विसाव्याला बूट काढायचे, पाय कोरडे करायचे, मोजे बदलायचे. चोळल्यासारखं वाटलं की तिथेच चिकटपट्टी लावायची, मुक्कामापर्यंत थांबायचं नाही. फोड आलाच आणि चालणं अवघड झालं, तर निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी सोलू नये. मधुमेह असेल तर स्वतः काहीच करू नये, वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडे जावं. मांड्या घासतात त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. पहाटे व्हॅसलिन लावलं की निभतं.

लोक मोडतात ते बहुधा पुणे ते सासवड या टप्प्यात. हा वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा, तीसेक किलोमीटरचा. त्यात दिवेघाटाची चढण, आणि बहुतेक वर्षी नेमकी एकादशी. साबुदाण्यावर आणि चहावर घाट चढायला गेलं की पित्त उसळतं, डोकं गरगरतं. केळी, खजूर, ताक आणि थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी पोटात असू द्यावं. घाटात गर्दीबरोबर धावू नये. पुढे पोचलेल्याला काही जास्त मिळत नाही, पालखी यायची तेव्हाच येते. दिवसाला तीन हजार शब्दांचा हट्ट धरून दहाव्या दिवशी आडवं पडणाऱ्यांनी हा घाट एकदा चढून पाहावा.

दोन रिवाज मला फार मोलाचे वाटतात. पहिला वीणेचा. दिंडीतली वीणा जमिनीवर टेकवत नाहीत. वीणेकरी थकला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि तो बाजूला होऊन चालत राहतो. त्याच्या थकण्याला कुणी नावं ठेवत नाही. आपण मात्र हस्तलिखित वाचायला मित्राच्या हातात द्यायलाही कचरतो. दुसरा रिवाज समाज आरतीचा. तळावर सगळ्या दिंड्या जमल्या की चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. तिचं म्हणणं ऐकलं जातं, हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्याची वेळ सांगितली जाते, मग आरती. त्या दिवसाची कुरबुर त्याच दिवशी बाहेर येते. लेखनातली कुरबुर आपण महिनोन्महिने आत दाबून ठेवतो, तिचाच पुढे दुरावा होतो.

वाटेत लेख लिहायला बसू नये असं माझं ठाम मत आहे. रात्री राहुटीत एक ओळ पुरे, तीही ऐकलेली: कुणाची म्हण, विड्या वळणाऱ्या मावशीनं पावसाला घातलेली साद, एखाद्या गावचा शब्द. सुंदर वाक्य जुळवायला लागलात की पुन्हा निर्णय सुरू झाले.

बरेच जण द्वादशीला एसटी पकडतात. जमलं तर पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्यापर्यंत थांबावं, आणि त्याहून जमलं तर परतीच्या वारीला निघावं. जाताना अठरा-एक दिवस घेणारी पालखी साधारण दहा दिवसांत आळंदीला पोचते, म्हणजे टप्पे मोठे. रिंगण नाही, स्वागताच्या कमानी नाहीत, पंगतींचा आग्रह नाही. रथामागे थोडीच माणसं असतात, रस्ता चिखलाचा असतो, आणि भजनाचा क्रम चुकत नाही.