लायोल, सहावा महिना: स्प्रिंगशी ओळख

एप्रिलमध्ये लायोल हातात आला, म्हणजे घडीचा फ्रेंच चाकू. फ्रान्समध्ये लिऑनला नोकरीला असलेला मामेभाऊ सुट्टीवर येताना चेक-इनच्या बॅगेत घालून घेऊन आला. खोका पुढे केला आणि म्हणाला, “आधी एक नाणं दे.” चाकू फुकट भेट दिला तर मैत्री तुटते असं फ्रान्समध्ये मानतात, म्हणून घेणाऱ्याने नाणं द्यायचं. आई आतून ऐकत होती. म्हणाली, “आपल्याकडेही सुरी हातात देत नाहीत, खाली ठेवतात.” मी रुपया दिला, त्याने खोका टीपॉयवर ठेवला आणि मी तिथून उचलला.

मूठ 12 सेंटिमीटरची, जुनिपरच्या लाकडाची, दोन्ही टोकांना पितळ. पातं एक्ससी 75 या कार्बन पोलादाचं, म्हणजे सुमारे 0.75 टक्के कार्बन. स्टेनलेस नाही, त्यामुळे गंजतं. जुनिपरला वास असतो आणि सहा महिन्यांनीही तो गेलेला नाही. मूठ तळहातात दोन मिनिटं धरली की उबेने वर येतो, थोडा पेन्सिलीच्या लाकडासारखा, थोडा राळेसारखा.

चाकूला नाव गावावरून मिळालं. स्पेलिंगमध्ये ‘ग’ असला तरी गावाचं नाव तिथले लोक ‘लायोल’ असंच घेतात. दक्षिण फ्रान्समध्ये आवेरों जिल्ह्यात, ओब्राकच्या पठारावर हे गाव आहे. गुराख्यांचा मुलूख. चाकूचा जन्म 1829 चा मानतात. 1840 च्या सुमारास त्यात टोच्या आला, तो गाई-बैलांसाठी: पोटफुगी झालेल्या जनावराच्या कुशीत तो खुपसून वायू बाहेर काढायचा. आपले गुरांचे डॉक्टर आणीबाणीत करतात तेच काम. 1880 च्या सुमारास बाटलीचं बूच काढायचा कॉर्कस्क्रू आला, कारण पठारावरची माणसं पॅरिसला जाऊन कॅफे चालवू लागली होती. माझ्याकडचा नुसत्या पात्याचा आहे. मला तोच हवा होता.

आता मुख्य गोष्ट. पहिले दोन महिने मी पात्याकडेच बघत होतो. खरी कारागिरी पाठीत आहे, हे जूनमध्ये कळलं.

लायोलला लॉक नसतं. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लांब स्प्रिंग असते, तिचं टोक पात्याच्या मुळातल्या खाचेत बसतं आणि नुसत्या दाबावर पातं उघडं राहतं. लायोलवर बहुतेक वेळा एक मधमाशी कोरलेली दिसते, ती याच टोकावर. नेपोलियनने गावाला मधमाशीचं चिन्ह बहाल केलं ही कथा सगळीकडे वाचायला मिळते, पण तिला आधार नाही. मधमाशीचा आकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाला. फ्रेंच कारागीर या टोकालाच ‘मूश’ म्हणतात, म्हणजे माशी, मग त्यावर माशी असो वा फूल. माझ्या चाकूत माशी आणि स्प्रिंग एकाच तुकड्यातून घडवलेली आहे. भिंगातून पाहिलं, कुठेही सांधा नाही.

स्प्रिंगच्या पाठीवर कानशीने कोरलेली पानांची वेल आहे. अनेक कारागिरांची अशी नक्षी स्वतःची असते, जाणकार त्यावरून हात ओळखतात. माशीकडून मोजत गेलं तर माझ्या वेलीतलं सातवं पान बाकीच्यांपेक्षा जरासं लांब आहे. तिथे कानस केसभर जास्त ओढली गेली. हे पान मला या चाकूत सर्वांत जास्त आवडतं. बोटाने चाचपून अंधारातही सापडतं.

बंद करताना मी आधी पातं सोडून द्यायचो, खटकन आवाज यायचा आणि तो छान वाटायचा. तो सोडला. जुन्या घडणीच्या बऱ्याच लायोलमध्ये पात्याला आत अडवणारं काही नसतं, त्यामुळे आपटलं की धार थेट स्प्रिंगवर बसते. माझ्या पात्यावर मधोमध एक बारीक खोच पडलीच होती. ती काढायला बारीक दगडावर तीन संध्याकाळी गेल्या, मग चामड्यावर फिरवलं. आता शेवटपर्यंत बोटांनी धरून मिटतो.

पात्याचा रंग कैरीच्या दिवसांत सुरू झाला. पहिल्या आठवड्यात फोडींना लोखंडाची चव यायची आणि कडा काळपट व्हायच्या. लोखंडी विळीवर केळफूल चिरलेल्या घरात हे नवं नाही. पण महिन्याभरात पात्यावर निळसर-राखाडी थर बसला, टोकाकडे थोडी जांभळी झाक, आणि चव गेली. हा थर घासून काढू नका. थोडाफार बचाव तोच करतो.

पूर्ण बचाव मात्र करत नाही. जुलैत लिंबू कापून चाकू नुसता पुसला आणि मिटून ठेवला. दोन दिवसांनी उघडताना पातं जड लागलं, करकरलं. पात्याच्या मुळाशी, स्प्रिंग टेकते तिथे, लाल गंज. कोकणातल्या पावसात मिटलेल्या चाकूत ओल अडकते, हे आधीच सुचायला हवं होतं. अगदी बारीक स्टील वूल आणि खाण्याचं मिनरल ऑइल घेऊन काडीपेटीच्या काडीने खाच साफ केली. खोबरेल तेल वापरून पाहिलं होतं, पण ते चिकट होतं आणि थंडीत थिजतं. तेव्हापासून नियम: धुवायचं, पुसायचं, अर्धा तास उघडं ठेवायचं, मगच मिटायचं. सप्टेंबरअखेर एकही नवा डाग नाही.

पुण्याला गेलो की केळकर संग्रहालयातले अडकित्ते पुन्हा बघायचे आहेत. मागच्या वेळी मी मुठींवरची नक्षीच पाहिली होती. यावेळी बिजागरी बघणार आहे, सांधा धरून ठेवणारी खीळ, म्हणजे रिव्हेट, कसं ठोकलंय ते. कोणाकडे घरचा जुना अडकित्ता असेल तर त्या सांध्याचा जवळून काढलेला फोटो जरूर टाका.

आज सकाळी पेरू कापला. पातं सरळ बसतंय, डावीकडे किंचित हलतं, एप्रिलमध्ये हलत नव्हतं. रिव्हेटला अजून हात लावलेला नाही.